ओळ घरोघरी, गाणं अडगळीत

ओसरी (धागाकर्ती)

२०२२ च्या मे महिन्यात 'स्ट्रेंजर थिंग्ज' या नेटफ्लिक्सवरच्या मालिकेचा चौथा सीझन आला आणि ब्रिटिश गायिका केट बुशचं 'रनिंग अप दॅट हिल' जगभर पुन्हा वाजायला लागलं. गाणं १९८५ चं. तेव्हा ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं, ते सदतीस वर्षांनी, जून २०२२ मध्ये पहिल्या क्रमांकावर आलं. आमच्या घरातल्या बारावीच्या भाचीला केट बुशबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. तिचा आवाज, तिचे नाच, तिच्या भावानं त्या गाण्यात वाजवलेला बलालाइका, सगळं.

तिलाच मी विचारलं, "का रे दुरावा माहीत आहे का?" तर म्हणे, "ती सिरीयल ना? आई बघायची."

तेव्हापासून हा किडा डोक्यात आहे. आपल्याकडे मालिकांची नावं जुन्या गाण्यांवरून ठेवायची साथच आहे. 'या सुखांनो या', 'का रे दुरावा', 'एकाच ह्या जन्मी जणू', 'तुला पाहते रे', 'पाहिले न मी तुला', 'येऊ कशी तशी मी नांदायला'. ही नावं रोज रात्री लाखो घरांत उच्चारली गेली, काही तर दोन-दोन वर्षं. मग मूळ गाण्यांचं काही भलं का झालं नाही? तिकडे एका प्रसंगात गाणं वाजलं की पोरं मागे जाऊन अख्खा अल्बम ऐकतात. इकडे ओळ घरोघरी पोचते आणि गाणं आपलं अडगळीतच.

तुम्हाला एखादं विसरलेलं गाणं टीव्हीमुळे सापडलं असेल तर ते लिहा. देशी, विदेशी, मालिका, जाहिरात, काहीही चालेल. आणि माझं म्हणणं पटत नसेल तर तेही लिहा.

खमंग_काकडी

मी पयली!

तुमच्या यादीत 'होणार सून मी ह्या घरची' टाका. मूळ गाणं 'लेक लाडकी या घरची, होणार सून मी त्या घरची'. चित्रपट 'कन्यादान' (१९६०), पी. सावळाराम, वसंत प्रभू आणि लतादीदी. आमच्याकडे एका लग्नात करवलीनं हे मूळ गाणं लावलं तर मागून एक काकू म्हणाल्या, "अगं, शब्द चुकलेत, जान्हवीचं गाणं नीट लाव." आता बोला.

तबकडी

धाग्याबद्दल आभार. यातल्या एका गाण्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही, लांबण लागली तर सोसा.

'तुला पाहते रे' हे 'जगाच्या पाठीवर' या १९६० च्या चित्रपटातलं. शब्द गदिमांचे, चाल बाबूजींची (सुधीर फडके), आवाज आशाबाईंचा. चित्रपट लोकांच्या लक्षात आहे तो 'एक धागा सुखाचा'मुळे, फार तर 'उद्धवा अजब तुझे सरकार'मुळे. हे गाणं त्यांच्या सावलीत राहिलं. २०१८ मध्ये मालिका आली तेव्हा पोस्टरवर सुबोध भावे आणि वयानं निम्मी नायिका. सगळ्यांचा समज असा की हे आपलं गोड गोड, डोळ्यांत डोळे घालून बघण्याचं प्रकरण.

मूळ गाणं ज्या मुलीच्या तोंडी आहे ती आंधळी आहे. चित्रपटात ती भूमिका सीमाबाईंनी केली आहे. मुखड्याच्या पहिल्या दोन ओळी ऐकून प्रेमगीतच वाटतं, आणि पाठोपाठ ती म्हणते, 'जरी आंधळी मी, तुला पाहते'. तिथे पोटात गोळा येतो. गदिमांनी 'पाहणे' हे क्रियापद तिच्या हातात दिलं आणि मग सांगितलं की तिला दिसत नाही. चाल अगदी सरळ, कुठे हुंदका नाही, कारुण्याचा ठेवणीतला सूर नाही. आशाबाई ते असं गातात की जणू तिला त्यात काही विशेष वाटतच नाही. मला हे गाणं बाबूजींच्या पहिल्या दहांत धरावंसं वाटतं. ज्यांना पटत नसेल त्यांनी आधी गाणं ऐकावं, मग भांडायला यावं.

मालिकेनं 'जरी'च्या आधी कात्री मारली. ओसरी म्हणतात ते हेच.

निवांत

@तबकडी, थांबा थांबा थांबा.

मालिकेत पुढे निघतं काय, तर नायक विक्रांत सरंजामे हा विक्रांत सरंजामे नाहीच, पैशासाठी बायकोला संपवलेला माणूस आहे! नायिका ईशाला डोळ्यांसमोर असून दिसत नाही. म्हणजे मूळ गाणं माहीत असलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी गोष्ट फुटली होती की!

आमच्या मातोश्री शंभरेक भाग "किती सज्जन माणूस" करत होत्या. त्यांना आज हे गाणं ऐकवतो.

तबकडी

@निवांत, हहपुवा (हसून हसून पुरेवाट). लेखकांच्या मनात हे होतं का, देव जाणे. पण असेल तर सलाम.

बे_एरियातला_बंड्या

ओसरी, तुलना थोडी उलगडतो, कारण 'स्ट्रेंजर थिंग्ज'मध्ये ते गाणं नावापुरतं नाही, ते कथेतलं एक पात्र आहे.

मॅक्स नावाची मुलगी आहे, तिचा सावत्रभाऊ तिच्या डोळ्यांदेखत मेलाय. ती कोणाशी बोलत नाही, कानाला वॉकमन लावून हिंडते. राक्षस तिच्या मनात शिरून तिला खेचत असतो तेव्हा मित्र तिचं आवडतं गाणं तिच्या कानात लावतात आणि त्या गाण्याच्या दोराला धरून ती परत येते. गाणं वाजलं नाही तर पोरगी मरणार, असा मामला. मूळ गाण्याची कल्पनाच अशी की देवाशी सौदा करावा आणि दोघांनी एकमेकांच्या जागी जाऊन बघावं. गाण्याचं मूळ नावही 'अ डील विथ गॉड' होतं. नावात देव आला तर धार्मिक देशांत रेडिओवाले वाजवणार नाहीत या भीतीनं कंपनीनं ते बदलायला लावलं. भावाच्या जागी मी का नाही गेले, हे मॅक्सचं दुःख त्यात चपखल बसतं. कोणीतरी गाणं शेवटपर्यंत ऐकून, समजून ते निवडलंय. त्या 'कोणीतरी'ला म्युझिक सुपरवायझर म्हणतात, इथे नोरा फेल्डर. हे पूर्णवेळ काम असतं आणि त्याचे पगार मिळतात.

दुसरी गंमत हिशोबाची. ब्रिटनच्या यादीत जुन्या गाण्यांना एक नियम आहे. गाणं जुनं झालं, घसरणीला लागलं की त्याचे स्ट्रीम निम्म्या वजनानं मोजतात, नाहीतर जुनीच गाणी कायम वर बसून राहतील. त्यामुळे केट बुश आधी हॅरी स्टाइल्सच्या खाली दुसऱ्या क्रमांकावर अडकली होती, ऐकणारे जास्त असूनही. मग त्यांनी तिच्या गाण्याला सवलत दिली आणि पुढच्या आठवड्यात ते पहिलं आलं. तिचं आधीचं पहिल्या क्रमांकाचं गाणं १९७८ चं, 'वदरिंग हाइट्स'. मध्ये चव्वेचाळीस वर्षं. ध्वनिमुद्रणाचे हक्क तिनं स्वतःकडे राखलेले, त्यामुळे पैसाही बराचसा तिलाच.

तात्पर्य, दोन्हीकडे जुनं गाणं वापरलं असं म्हणणं मला जड जातं. तिकडे गाणं वापरलं. इकडे नाव वापरलं.

कोर्टाची_पायरी

बंड्या यांनी शेवटी जे म्हटलं त्याचं कारण फार काही सांस्कृतिक नाही. नाव फुकट आहे, गाणं फुकट नाही.

शीर्षकावर सहसा कॉपीराइट नसतो. 'देसी बॉइज'च्या खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. त्यामुळे 'का रे दुरावा' एवढे तीन शब्द मालिकेच्या माथ्यावर लावायला कोणाला विचारायची गरज पडत नाही. पण गाणं प्रसंगात वाजवायचं म्हटलं की दोन दारं ठोठवावी लागतात. एक ध्वनिमुद्रणाच्या मालकाचं, दुसरं शब्द आणि चाल यांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांचं.

आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. 'जगाच्या पाठीवर' १९६० चा, म्हणजे ते मुद्रण २०२० अखेरीस मोकळं झालं. 'का रे दुरावा' हे 'मुंबईचा जावई'मधलं, १९७० चं, ते २०३० अखेरपर्यंत अडकलेलं. पण शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. गदिमा १९७७ ला गेले, म्हणजे शब्द २०३७ अखेरपर्यंत. बाबूजी २००२ ला, म्हणजे चाल २०६२ अखेरपर्यंत. त्यामुळे "साठ वर्षं झाली, आता बिनधास्त लावा" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, निम्मंच खरं आहे.

आणि रोजच्या मालिकेचं बजेट बघता निर्माता म्हणतो, कशाला ती उठाठेव, आपला पेटीवाला बोलवा आणि त्याच भावाची नवी धून करून घ्या.

उपरा

नेहमीप्रमाणे मी विरोधी बाकावर.

एवढे गळे काढण्यासारखं काय आहे? केट बुश काही अडगळीत नव्हती. ब्रिटनमध्ये तिला देवीसारखं पुजतात. अमेरिकेतल्या पोरांना ती माहीत नव्हती म्हणून ती 'विसरलेली' झाली का? आणि ती पोरं तरी काय, तो वीस सेकंदांचा तुकडा रीलवर नाचवून काही महिन्यांत 'वेन्सडे' मालिकेतल्या नाचाकडे गेली. (तेही जुनंच गाणं, 'गू गू मक'. क्रॅम्प्स या बँडनं १९८१ ला गायलं, मूळ त्याहून जुनं, १९६२ चं.) मालिका गाण्यांना जिवंत करत नाहीत, फार तर चार दिवस सलाइन लावतात.

बे_एरियातला_बंड्या

@उपरा, सलाइनचंच उदाहरण देतो मग.

'द लास्ट ऑफ अस'चा तिसरा भाग, जानेवारी २०२३. जग बुडालंय, दोन प्रौढ पुरुष एका ओसाड गावात भेटतात आणि त्यातला एक पियानोवर लिंडा रॉन्स्टॅटचं 'लाँग, लाँग टाइम' मोडक्या आवाजात म्हणतो. गाणं १९७० चं. त्या रात्री ते लोकांनी इतकं शोधलं की दुसऱ्या दिवशी बातम्या झाल्या. लिंडा रॉन्स्टॅटला आता गाता येत नाही. आजारानं तिचा आवाज गेलाय, हे तिनंच २०१३ मध्ये जाहीर केलं. आपले मुद्रणहक्क तिनं आधीच विकले होते, म्हणून यातलं तिला फारसं मिळणार नव्हतं. तरी ती खूश झाली, कशासाठी? तर गीतकार गॅरी व्हाइटला चार पैसे मिळतील म्हणून.

मला सांगा, तुमच्या-माझ्यापैकी कितीजणांना तोपर्यंत गॅरी व्हाइट हे नाव माहीत होतं? आता मला माहीत आहे. चार दिवसांच्या सलाइननं एवढं झालं तरी पुष्कळ.

ओसरी (धागाकर्ती)

गीतकाराचं नाव! हाच माझा दुखरा भाग आहे. गाणं ऐकवायचं ॲप उघडा, 'का रे दुरावा' शोधा. आधी मालिकेचे प्रोमो येतात. मग खाली कुठेतरी गाणं, गायिकेचं नाव ठळक, संगीतकार असला तर असला, कवी गायब. 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ नसतं तर काय केलं असतं कोणास ठाऊक. तिथे निदान गीत, संगीत, स्वर, चित्रपट अशा चारही गोष्टी एका जागी मिळतात.

मडगावकर

हांव आयलो! (बाकीचं मराठीतच लिहितो, घाबरू नका.)

मला माझ्याच माणसांचं गाणं बिअरच्या जाहिरातीतून सापडलं. २०११ ची हायनेकनची जाहिरात. एक पोरगा पोरीला घेऊन क्लबात शिरतो, स्वयंपाकघरातून, माशांच्या टाकीजवळून, आणि मागे सुसाट गिटार. टीव्ही बघता बघता म्हटलं, अरे, हा तर रफी! शोधलं तर 'जान पहचान हो', 'गुमनाम', १९६५, शंकर-जयकिशन. पुढे कळलं की त्याआधी २००१ मध्येच एका अमेरिकी चित्रपटाची सुरुवात याच गाण्यानं झाली होती, 'घोस्ट वर्ल्ड'. तिकडच्या रॉक ऐकणाऱ्या पोरांत ते तेव्हापासून माहितीचं. मी मडगावात बसून शेवटचा.

पडद्यावर लक्ष्मी छाया मुखवटा लावून नाचते ते बघाच, मान कशी तुटत नाही याचं नवल वाटतं. पण माझं लक्ष वाद्यांवर. शंकर-जयकिशनचा अरेंजर म्हणजे आमचा सेबॅस्टियन डिसोझा. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन वाजवणारे त्या काळात कितीतरी गोव्याचे. चर्चच्या शाळेत सोल्फेज (पाश्चात्त्य सरगम) शिकून मुंबईला गेले, दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात वाजवलं. पडद्यावर नाव कधी आलं नाही. गीतकाराचं नाव गायब म्हणून तुम्ही रडता, आमच्या लोकांचं तर कधी लिहिलंच गेलं नव्हतं.

खमंग_काकडी

@मडगावकर, +१००. 'मिस मार्व्हल'मध्ये (२०२२) असंच 'को को कोरिना' ऐकलं आणि उडाले. पाकिस्तानी चित्रपट 'अरमान', १९६६, अहमद रुश्दीचा आवाज. माझी शेजारीण कराचीची आहे, तिला विचारलं तर म्हणाली, "हमारे यहाँ तो ये हर शादी में बजता है." म्हणजे एकाच्या घरचं रोजचं, दुसऱ्याला नवा शोध!

पेटीवाले_काका

तरुण मंडळी नेटफ्लिक्सच्या गोष्टी करताहेत, करू द्या. मी जरा आमच्या टीव्हीचं सांगतो.

एक, 'भारत एक खोज'. १९८८, रविवार सकाळ, श्याम बेनेगल, संगीत वनराज भाटिया. शीर्षकगीत सुरू झालं की चाळीतल्या पोरांचा गलका थांबायचा. 'सृष्टि से पहले सत् नहीं था' हे वसंत देवांचं हिंदी रूप, आणि मूळ ऋग्वेदातलं नासदीय सूक्त, दहाव्या मंडलातलं एकशे एकोणतिसावं. विसरलेली जुनी गाणी टीव्हीमुळे परत आली म्हणता ना, मग याच्याहून जुनं आणून दाखवा! आमच्या गल्लीतल्या एकाही पोरानं त्याआधी नासदीय सूक्ताचं नाव ऐकलं नव्हतं, भटजींचा मुलगा धरून.

दोन, त्याच वर्षीचा 'मिर्झा गालिब'. गुलजार, नसीरुद्दीन, जगजितसिंग. एकशे वीसेक वर्षांपूर्वी गेलेला कवी पानटपरीवर पोचला. माझ्या दुकानात त्यानंतर कितीतरी जण पेटी शिकायला आले ते फक्त त्या गझलांसाठी. सरगम नको, थेट गझल शिकवा म्हणायचे.

तीन, आपलं मराठी. 'सारेगमप'चं लिटिल चॅम्प्स पर्व, २००८-०९. कार्तिकी, मुग्धा, प्रथमेश, आर्या, रोहित. ज्या नाट्यपदांना सभागृहात पांढऱ्या केसांशिवाय काही दिसायचं नाही, ती पोरांच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आली. अल्फाच्या (आताच्या झी मराठीच्या) काळात 'नक्षत्रांचे देणे' होतं, एकेका कवीवर, संगीतकारावर अख्खी संध्याकाळ. निवेदनात कवीचं नाव यायचं, कविता कशी सुचली ते यायचं, मग गाणं.

तेव्हा मराठी टीव्हीनं गाणी जपली नाहीत हे मला मान्य नाही. मराठी *मालिकांनी* जपली नाहीत, एवढं म्हणा.

ओसरी (धागाकर्ती)

काका, मान्य. आणि तुमच्या तीनही उदाहरणांत गाणं पूर्ण ऐकवलं गेलं, हे लक्षात घ्या.

झिम्माड

'मनी हाइस्ट' या स्पॅनिश मालिकेमुळे कळलेलं 'बेला चाओ' कोणीच कसं आणलं नाही? इटलीतल्या भातखाचरात राबणाऱ्या बायकांचं गाणं, मग फॅसिस्टांविरुद्ध लढणाऱ्यांनी उचललं, मग स्पॅनिश दरोडेखोरांनी. :) आणि दिल्लीच्या वेशीवरच्या शेतकरी आंदोलनात २०२० मध्ये त्याचं पंजाबी रूपही आलं होतं, 'वापस जाओ'. शेतातून निघालं आणि शेतकऱ्यांकडेच परत आलं!

तबकडी

@झिम्माड, गोष्ट फार सुंदर आहे, म्हणूनच संशय घ्यावा. भातखाचरातल्या बायकांचं जे रूप प्रसिद्ध आहे त्याचे शब्द युद्धानंतर, १९५१ च्या सुमारास व्हास्को स्कान्सानी या माणसानं लिहिले असं आता अभ्यासक मानतात. म्हणजे क्रम बहुधा उलटा. आधी लढवय्यांचं, मग खाचरातलं. १९६० च्या दशकात जोव्हाना दाफिनी या गायिकेनं ते खाचरातलं गाणं म्हणून म्हटलं आणि तेच 'मूळ' म्हणून रुळलं.

आपल्याकडे नाही का, गेल्या पन्नास वर्षांत कोणीतरी लिहिलेल्या ओव्या 'पारंपरिक' म्हणून छापतात, तसंच.

झिम्माड

घ्या, माझा व्हॉट्सॲप स्टेटस गेला. पण पंजाबीचं खरं आहे ना?

तबकडी

ते खरं आहे. ठेवा.

रात्रपाळी

वाचनमात्र होतो, पण बॅडफिंगर या बँडचं नाव कोणी काढलं नाही म्हणून लॉगिन केलं.

'ब्रेकिंग बॅड'चा शेवटचा भाग, सप्टेंबर २०१३. अमली पदार्थ बनवणारा वॉल्टर प्रयोगशाळेत एकटा, यंत्रांवरून हात फिरवतोय, आणि 'बेबी ब्लू' सुरू होतं. प्रेयसीसाठी लिहिलेलं गाणं, पण आपण बनवलेल्या निळ्या मालावर जीव लावलेल्या माणसावर ते असं बसतं की पुन्हा ते साध्या प्रेमगीतासारखं ऐकूच येत नाही. मी ते गाणं कोणाचं म्हणून शोधायला गेलो आणि पहाट झाली.

बॅडफिंगरला बीटल्सनी आपल्या कंपनीत घेतलं होतं. 'बेबी ब्लू' १९७१ च्या अल्बमातलं. 'विदाउट यू' हे गाणं जे निल्सननं आणि पुढे मराया केरीनं गाजवलं, तेही यांचंच. एवढं असून हातात पैसा नाही, सगळा व्यवस्थापनाच्या घोळात अडकला. पीट हॅमनं १९७५ मध्ये आयुष्य संपवलं, वय सत्तावीस. त्याच्याबरोबर 'विदाउट यू' लिहिणाऱ्या टॉम इव्हान्सनं १९८३ मध्ये तेच केलं. 'बेबी ब्लू' पुन्हा वाजलं आणि ब्रिटनच्या यादीतही शिरलं, तेव्हा ते लिहिणारा जाऊन अडतीस वर्षं झाली होती.

@उपरा, सलाइन म्हणालात ना. इथे ते कोणाला लावायचं, हाही प्रश्नच आहे.

उपरा

@रात्रपाळी, इथे मी गप्प बसतो.

(तरी 'ट्रू डिटेक्टिव्ह'चं शीर्षकगीत माझ्याकडूनही जमा करा. द हँडसम फॅमिली, 'फार फ्रॉम एनी रोड', २००३. नवरा-बायकोची जोडी, बायको शब्द लिहिते, नवरा चाल लावतो. दहा-अकरा वर्षं ते गाणं मोजक्या लोकांनी ऐकलं होतं. ते राहतात अल्बुकर्कीत, म्हणजे 'ब्रेकिंग बॅड'च्याच गावात. पण त्यांना उचललं लुइझियानातल्या मालिकेनं. पिकतं तिथे विकत नाही.)

खमंग_काकडी

वातावरण जड झालंय, म्हणून एक प्रश्न. मालिकांची स्वतःची शीर्षकगीतंच आता जुनी गाणी झालीत की! परवा रिक्षात 'आभाळमाया' लागलं. मंगेश कुलकर्णी, अशोक पत्की, देवकी पंडित. मी आणि रिक्षावाले दादा, दोघंही गप्प. सिग्नल सुटला तरी त्यांनी गाडी काढली नाही, मागचे ओरडले.

'गोट्या'चं 'बीज अंकुरे अंकुरे' पण त्यातलंच. मधुकर आरकडे यांचे शब्द. ते तर आता बालगीत म्हणूनच शाळेत म्हणतात, मालिका कोणाला आठवत नाही. म्हणजे तिथे उलटं झालं, मालिका अडगळीत आणि गाणं घरोघरी.

पेटीवाले_काका

काकडीताई, नेमकं बोललात. कारण पत्कींनी ती *गाणी* केली होती. मुखडा, अंतरा, चढउतार, शेवटाला ठाव. आता तीस सेकंदांत नायिकेचं नाव, सासूचा कटाक्ष आणि वाहिनीचं बोधचिन्ह बसवायचं असतं.

निवांत

अपडेट: मातोश्रींना 'तुला पाहते रे' ऐकवलं. तिसऱ्या ओळीला म्हणाल्या, "हे मला पाठ आहे की." आणि सगळी कडवी म्हणून दाखवली. मालिका बघताना एकदाही बोलल्या नव्हत्या! विचारलं तर म्हणे, "त्या गाण्याचा नि ह्याचा काय संबंध?"

ओसरी (धागाकर्ती)

@निवांत, त्यांचा आयडी काढून द्या इथे. 'का रे दुरावा'बद्दलही त्यांनाच विचारायचं आहे.

कारण परवा 'मुंबईचा जावई' पूर्ण बघितला. चाळीतली खोली, भरलेलं घर, नव्या जोडप्याला बोलायला कोपरा नाही. याच कथेवरून पुढे हिंदीत 'पिया का घर' आला. गाण्यातला दुरावा भांडणाचा कमी आणि जागेचा जास्त आहे. तीच नवराबायको, मध्ये हातभर अंतर आणि आजूबाजूला झोपलेलं घर. मालिकेतलं जोडपं एकाच कार्यालयात नोकरी करतं आणि लग्न लपवतं, तिथेही दिवसभर समोर असून बोलायची चोरी. म्हणजे नाव ठेवणाऱ्यानं चित्रपट बघून ठेवलं असावं असं वाटण्याइतकं ते जुळतं. मग एखाद्या प्रसंगात, कार्यालयाच्या उपाहारगृहात रेडिओवर का होईना, दोन कडवी वाजवायची होती. लोक रडले असते हो.

कोर्टाची_पायरी

रेडिओवर वाजवलं तरी परवाना लागतो. प्रसंगातला रेडिओ धरून.

बे_एरियातला_बंड्या

@कोर्टाची_पायरी, तुम्ही लग्नात पंगतीलाही परवाना मागत असाल.

कोर्टाची_पायरी

लग्नसमारंभाला कायद्यात सूट आहे. कलम ५२, उपकलम (१), झेडए. जेवा निवांत.

निवांत

मला कशाला बोलावताय? :) मातोश्री म्हणताहेत आयडी नको, पण 'एकाच ह्या जन्मी जणू'चं मूळ लावून दे. 'पुढचं पाऊल'मधलं, सुधीर मोघे आणि बाबूजी. कोणाकडे बऱ्या आवाजातलं आहे का? जे सापडतंय त्यात मध्येच मोबाइलची रिंग वाजते.

तबकडी

माझ्याकडे कॅसेट आहे, साफ आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.